स्टँडअप म्हणजे हजेरी नव्हे

हिंजवडीपासून खराडीपर्यंत, पुण्याच्या आयटी कंपन्यांत, एक समज घट्ट बसलाय: रोज सकाळी स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या १५ मिनिटांच्या बैठकीत, मॅनेजरसमोर ‘काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय’ वदवून घेतलं की टीम जबाबदारीनं वागते. मॅनेजरला असा हिशेब द्या, असं स्क्रम गाइड (स्क्रम या कार्यपद्धतीची मूळ नियमपुस्तिका) कुठेच सांगत नाही. ती १५ मिनिटं डेव्हलपरांची. स्प्रिंट गोलच्या, म्हणजे कामाच्या चालू टप्प्यासाठी ठरवलेल्या उद्दिष्टाच्या, दिशेनं काम सरकतंय का ते बघून पुढचं ठरवायला. ते तीन प्रश्नही २०२० च्या आवृत्तीतून गेले. (आपल्याकडे अजून मुक्काम ठोकून आहेत.)

हजेरीत माणूस ‘एपीआयचं चालू आहे’ म्हणून मोकळा होतो आणि टेस्टिंगवाली त्याच एपीआयसाठी ताटकळत बसते. त्याऐवजी टीमच्या कामांच्या बोर्डावरचं अडकलेल्या कामाचं कार्ड उघडा, विचारा, ‘हे आज कोण सोडवतंय?’ मॅनेजरनं ऐकावं खुशाल, फक्त मध्ये बोलू नये.