पार्श्वभूमी : या आठवड्यात वर्गात काय झाले, हे घरी कधीपासून कळू लागले?

मुंबईतल्या बऱ्याच प्राथमिक शाळांत शुक्रवारी दुपारी, वर्ग सुटण्याच्या सुमारास, वर्गशिक्षिकेचा एक निरोप पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर येतो. दुसरीच्या वर्गाचा निरोप साधारण असा असतो : या आठवड्यात हातच्याची बेरीज सुरू झाली, एककांची बेरीज नऊच्या पुढे गेली की आलेला हातचा दशकात मिळवायला मुले अजून विसरतात, म्हणून घरी दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधून एक-दोन उदाहरणे करून पाहावीत, मराठीत जोडाक्षरे चालू आहेत, पुढच्या आठवड्यात पाण्याविषयी बोलायचे आहे, तेव्हा आपल्याकडे नळाला पाणी किती वाजता येते आणि ते कशाकशात भरून ठेवतात, हे मुलांना पाहून यायला सांगावे. या निरोपात गुण नसतात, गृहपाठाची यादी नसते आणि कोणाच्या वागण्याची तक्रारही नसते. वर्ग कुठवर आला आहे आणि मुले कुठे अडली आहेत, एवढेच त्यात असते.

ही पद्धत मोबाइलने आणली असे सर्रास म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. काय शिकवले आणि काय शिकवायचे आहे, याची लेखी नोंद ठेवण्याची शिस्त आपल्याकडच्या शिक्षकांना कितीतरी जुनी आहे. वार्षिक नियोजन, त्यावरून मासिक नियोजन, मग घटक नियोजन आणि शेवटी रोजचे टाचण, म्हणजे त्या दिवशी काय आणि कसे शिकवायचे याची लेखी तयारी, ही उतरंड डी.एड. करणाऱ्या प्रत्येकाने गिरवलेली असते. मात्र टाचणवही मुख्याध्यापकांच्या सहीसाठी जात असे आणि तपासणीच्या दिवशी वरून आलेल्या अधिकाऱ्यांपुढे उघडली जात असे. ज्यांचे मूल त्या वर्गात बसले होते, त्यांच्यासाठी ती कधी लिहिलीच गेली नव्हती. ती तशी का होती, हे समजून घेण्यासाठी दीडशे-दोनशे वर्षे मागे जावे लागते.

घराला सगळेच ठाऊक असण्याचाही एक काळ होऊन गेला. पंतोजींच्या शाळेत मुळाक्षरे, बाराखडी, मोडी वळण, पाढे आणि पावकी, निमकी, पाउणकी असे अपूर्णांकांचे पाढे असा ठरलेला ऐवज असे आणि दिवेलागणीला घरोघर परवचा, म्हणजे या पाठांतराची मोठ्याने उजळणी, म्हटला जाई. मूल सतराच्या पाढ्यावर अडखळते की औटकीवर, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यावर, हे ओसरीवर बसलेल्या आजोबांना रोजच ऐकू येई. पंतोजींचा मोबदलाही पालकच देत, कधी धान्याच्या तर कधी पैशाच्या रूपाने, त्यामुळे हिशेब मागायचा तर तो तेच मागत. अर्थात ही सोय ज्यांच्या घरात लिहिणे-वाचणे होते त्यांच्यापुरतीच होती. बहुसंख्य जातींना आणि जवळजवळ सगळ्या मुलींना त्या शाळेत जागाच नव्हती, हे विसरून परवच्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

मुंबईत 1822 पासून नव्या धर्तीच्या शाळा आणि छापील पुस्तके यांसाठी संस्थात्मक प्रयत्न सुरू झाले आणि पुढे नाना शंकरशेट यांच्यासारख्यांनी त्यांना बळ दिले. भारतातल्या शिक्षणाची दिशा ठरवणाऱ्या 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर, 1855 मध्ये, मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षण खाते उभे राहिले. शाळेचे दार अधिक जणांसाठी किलकिले झाले, इयत्ता आणि अभ्यासक्रम ठरले, तपासणीसाठी अधिकारी नेमले गेले. आणि त्याच वेळी शिक्षकाने उत्तर कोणाला द्यायचे, हेही बदलले. 1860 च्या दशकात इलाख्यात परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. अधिकारी शाळेत येऊन एकेका मुलाची परीक्षा घेत आणि किती मुले ठरलेल्या यत्तेला उतरली यावर शाळेच्या अनुदानाची रक्कम ठरे. जुन्या मराठीत 'दिपोटी' म्हणून ज्याचा धाक दिसतो, तो हाच डेप्युटी इन्स्पेक्टर. मुलाला वाचता येते की नाही, ही बातमी आता खात्याकडे जाणारी बातमी झाली होती. 1904 च्या शिक्षणविषयक सरकारी ठरावानंतर ही अनुदानपद्धत मागे पडली, पण तिने लावलेले वळण मोडले नाही, असे माझे मत आहे. आजही एखादी माहिती तातडीने मागवली जाते ती बहुधा वरच्या कार्यालयातून, शेजारच्या चाळीतून नव्हे.

मुंबई शहरापुरते पाहिले, तर 1888 च्या महापालिका कायद्याने प्राथमिक शिक्षणाची तजवीज महापालिकेच्या कर्तव्यांत घातली आणि 1920 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी शहराचा स्वतंत्र कायदा झाला. परळ, लालबाग, वरळीच्या चाळींतून गिरणी कामगारांची मुले या शाळांत आली. ज्यांचे आईवडील पाळ्यांमध्ये राबत होते आणि ज्यांतल्या अनेकांना अक्षरओळख नव्हती, अशा घरांशी शाळेचा लेखी संबंध यायचा तो प्रगतिपुस्तकातून. पालकांच्या सहीच्या रकान्यात कितीतरी घरांतून अंगठा उठे. आकडे काय सांगतात ते मुलानेच वाचून दाखवायचे आणि त्यानेच शाई आणून द्यायची, हा प्रकार मुलांच्या सोयीचा होता, एवढे नक्की.

याच काळात एक वेगळा प्रवाह मुंबईतून वाहून गेला. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली आणि ताराबाईंनी 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले. 'शिक्षणपत्रिका' या नियतकालिकातून त्या मराठी पालकांशी बोलत राहिल्या. मूल चुकते तेव्हा ते काय करू पाहत असते, हे पालकाला समजले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे त्यांचे काम बहरले. शहरातल्या सर्वसाधारण प्राथमिक शाळेत मात्र ही भाषा फारशी शिरली नाही.

स्वातंत्र्यानंतरची चार-पाच दशके प्रगतिपुस्तकाचीच होती. घटक चाचणी, सहामाही, वार्षिक. लाल शाईने अधोरेखित केलेला विषय. आणि तळाशी 'अभ्यास वाढवावा' किंवा 'हस्ताक्षर सुधारावे' असा शेरा. त्यात भर पडली ती दैनंदिनीची, जिला इंग्रजी माध्यमाच्या शाळांत कॅलेंडर म्हणत. आमच्या पिढीची कॅलेंडरे चाळली, तर रिमार्कच्या पानांवर वही विसरल्याच्या, उशिरा आल्याच्या आणि वर्गात बोलल्याच्या नोंदी दाटीवाटीने सापडतात. वर्गात काय चालले होते, याविषयी एक ओळही नसते. रिमार्क मिळाला म्हणजे काहीतरी वाईटच झाले, हा अर्थ तेव्हापासून पक्का झाला. शुक्रवारचा निरोप आल्यावर आजही काही आजी-आजोबा आधी घाबरतात, ते उगीच नाही.

बदलाची पहिली खूण भाषेत दिसते. 1991 च्या सुमारास किमान अध्ययन पातळीची कल्पना देशभर आली आणि मुलाला किती गुण पडले याऐवजी त्याला नेमके काय येते, अशी विधाने लिहिली जाऊ लागली. मुंबईच्या वस्त्यांत 1995 मध्ये काम सुरू केलेल्या 'प्रथम' या संस्थेने ही गोष्ट आणखी सोपी केली. तिच्या पुढाकाराने 2005 पासून ग्रामीण भारतात होणाऱ्या 'असर' पाहणीत वाचनाची कसोटी एका कागदावर मावते : अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट. मूल यांपैकी कोणत्या पायरीवर आहे, हे स्वतः शाळेत न गेलेल्या आईलाही शेजारी बसून कळू शकते. 'सत्तर टक्के' या शब्दांतून तिला ते कळत नाही.

कायद्याने पालकाचा हक्क मान्य केला तो 1 एप्रिल 2010 पासून. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या 2009 च्या कायद्यातील कलम 24 शिक्षकांची कर्तव्ये सांगते; पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता, शिकण्यातली प्रगती यांविषयी त्यांना माहिती देणे हे त्यांपैकी एक आहे. कलम 21 ने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकांतून घेण्याची तरतूद केली. महाराष्ट्र शासनाने 20 ऑगस्ट 2010 च्या निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू केले. पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता होणाऱ्या मूल्यमापनाचा भारांश 70 टक्के आणि संकलिताचा, म्हणजे सत्राअखेरच्या मूल्यमापनाचा 30 टक्के, तिसरी-चौथीला 60 आणि 40 असे प्रमाण ठरले. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने सांगितली गेली आणि गुणांबरोबर वर्णनात्मक नोंदी लिहिणे आले.

कल्पना उत्तम होती. तिचे जे झाले ते शिक्षकांच्या खोलीत बसलेल्या कोणालाही माहीत आहे. चाळीस-पन्नास मुलांच्या, प्रत्येक विषयाच्या, प्रत्येक सत्राच्या नोंदी लिहायच्या म्हटल्यावर बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या आणि पाठोपाठ त्यांच्या पीडीएफ फिरू लागल्या. 'कविता तालासुरात म्हणतो', 'शाळेच्या उपक्रमांत उत्साहाने भाग घेते' ही वाक्ये मुंबईपासून गडचिरोलीपर्यंत सारखीच उमटली. शिवाय या नोंदी पालकांपुढे यायच्या त्या सत्राच्या शेवटी, म्हणजे हातचा विसरण्याची सवय चांगली मुरल्यानंतर. निरोप जर उपयोगी पडायचा असेल तर तो त्याच आठवड्यात पोचला पाहिजे, ही जाणीव या अनुभवातून अनेक शिक्षकांना झाली.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि जे एरवी वर्षानुवर्षे झाले नसते ते काही आठवड्यांत झाले. प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सॲप गट तयार झाला. दहा बाय बाराच्या खोलीत चाललेला तिसरीचा तास भाजी निवडणाऱ्या आईने ऐकला, शेजारणीने ऐकला. गुणाकाराची नवी रीत आपल्या वेळच्या रीतीपेक्षा वेगळी का, असे प्रश्न घराघरांत निघाले. अनेक घरांत फोन एकच होता आणि टाळेबंदी सैल होताच तो वडिलांबरोबर कामावर जाऊ लागला, त्यामुळे शिक्षिकांनी दिवसाचा अभ्यास रात्री वाचता येईल अशा बेताने लिहायला सुरुवात केली. राज्याने नोव्हेंबर 2020 मध्ये 'स्वाध्याय' ही व्हॉट्सॲपवरची प्रश्नमाला सुरू केली, तीही आठवड्याच्या बेताने चाले. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग 15 डिसेंबर 2021 रोजी उघडले, जानेवारीच्या सुरुवातीला पुन्हा बंद झाले आणि 24 जानेवारीला परत भरले. तोवर पालकांचा प्रश्न बदलला होता. 'किती मार्क पडले?' या जागी 'त्याला वाचायला येतंय का, बाई?' हा प्रश्न आला होता.

2021 मध्ये निपुण भारत अभियान सुरू झाले आणि तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे व मूलभूत गणित यावे, हे उद्दिष्ट ठरले. 2022 च्या 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी अभियानातून राज्यभर मातांचे गट जमले आणि घरी करायच्या छोट्या कृतींच्या आयडिया कार्डांचा रतीब त्यांच्या मोबाइलवर सुरू झाला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातले समग्र प्रगती पत्रकही घर आणि शाळा यांमधला दुवा म्हणूनच मांडलेले आहे.

खासगी आणि आंतरराष्ट्रीय मंडळांच्या शाळांत मात्र ही प्रथा थोड्या वेगळ्या वाटेने आली. अमेरिकी प्राथमिक शाळांत वर्गाचे साप्ताहिक पत्रक घरी पाठवण्याची रीत आहे. 2011 मध्ये सुरू झालेल्या क्लासडोजोसारख्या ॲपांनी ती फोनवर आणली आणि तिथून ती अंधेरी-पवईच्या शाळांत पोचली.

मुंबईची खरी अडचण भाषेची आहे. महापालिकेच्या शाळाच मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांच्या आहेत. इंग्रजी माध्यमाच्या वर्गाचा निरोप इंग्रजीत येतो आणि तो वाचणारी आई मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली असते. मग मूलच दुभाषा होते, म्हणजे प्रगतिपुस्तकाच्या काळातला तो जुना प्रकार पुन्हा सुरू होतो. म्हणून काही शिक्षिका लिहिण्याऐवजी मराठीत किंवा हिंदीत दोन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवतात. त्याला उत्तर म्हणून गटावर भराभर अंगठे उठतात. प्रगतिपुस्तकावरचा अंगठा निदान वाचून दाखवल्यानंतर उठत असे.

टाचण मात्र सुटलेले नाही. त्यामुळे हातच्याची बेरीज एका आठवड्यात दोनदा लिहावी लागते : टाचणवहीत ती अध्ययन निष्पत्तीच्या, म्हणजे मुलाला काय यायला हवे हे सांगणाऱ्या ठरावीक विधानाच्या, सांकेतिक क्रमांकासह, शैक्षणिक साहित्याच्या रकान्यात 'मणी, काड्या' अशी नोंद करून मुख्याध्यापकांच्या सहीसाठी, आणि शुक्रवारी, लोकलमध्ये दादर येईपर्यंत अंगठ्याने टाइप करत, बत्तीस घरांसाठी.