रतीब, मीटर आणि खाडा: सॉफ्टवेअरच्या बिलामागचा इतिहास

घरी दुधाचा रतीब लावलेला असला की हिशेबात तीन गोष्टी येतात: रोजचं माप, लिटरचा भाव आणि खाडा. चार दिवस गावाला गेलो, दूध नको म्हणून आधी सांगितलं, की कॅलेंडरवर त्या तारखांना फुल्या पडतात आणि महिनाअखेरीला तेवढे पैसे वजा होतात. मेसच्या डब्यालाही हाच रिवाज आहे. वाद झाला तर तो खाडा किती दिवस आधी सांगायचा आणि निदान किती दिवसांचा धरायचा, यावरून होतो.

सॉफ्टवेअर महिन्याच्या वर्गणीवर घ्यावं की वापरू तेवढ्याचे पैसे मोजावेत, हा प्रश्न आज डबे पुरवणाऱ्या घरगुती उद्योगापासून बँकेपर्यंत सगळ्यांपुढे आहे. क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारा दुसऱ्याचा संगणक, आल्यामुळे तो उभा राहिला असं बहुतेकांना वाटतं. खरं तर व्यापारी संगणकाचा पहिला भाडेकरार झाला तेव्हापासून तो आहे. दोन पद्धतींपैकी स्वस्त कोणती, याचं उत्तर दर पाच वर्षांनी बदलत आलं आहे. इतिहास चाळताना माझं लक्ष जातं ते दुसऱ्याच दोन प्रश्नांकडे: न वापरलेल्याचा खाडा मिळतो का, आणि वापर कोणत्या मापाने मोजायचा हे कोण ठरवतं.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएम या अमेरिकी कंपनीची यंत्रं विकत मिळतच नसत, भाड्यानेच घ्यावी लागत. अमेरिकी सरकारने मक्तेदारीविरोधी खटला भरला, १९५६ साली त्यात तडजोडीचा हुकूमनामा झाला आणि यंत्रं विकायलाही ठेवणं कंपनीला भाग पडलं. तरी पुष्कळ गिऱ्हाइकं भाड्यावरच राहिली. १९५९ साली आलेल्या आयबीएम १४०१ चं भाडं महिन्याला २,५०० डॉलरपासून सुरू होई. आयबीएमच्या भाड्यात महिन्याचे १७६ तास धरलेले असत: रोजचे आठ, असे बावीस दिवस. यंत्र रात्रपाळीलाही चालवलं तर त्याची आकारणी वेगळी. म्हणजे खाली रतीब आणि वर मीटर. आज मोबाइल कंपन्या आणि क्लाउड कंपन्या जो 'इतक्यापर्यंत समाविष्ट, पुढे जादा' हा हिशेब लावतात, तो तेव्हाच तयार झाला होता.

या मीटरची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. १९६४ साली जाहीर झालेल्या सिस्टिम/३६० मालिकेतल्या यंत्रांच्या पॅनेलवर तासांचे दोन मीटर असत आणि सोबत किल्लीने फिरणारा एक स्विच. एक मीटर गिऱ्हाइकाचा, दुसरा दुरुस्तीला येणाऱ्या इंजिनिअरचा. इंजिनिअर आला की आपली किल्ली घालून फिरवायचा. गिऱ्हाइकाचा मीटर थांबायचा आणि त्याचा स्वतःचा सुरू व्हायचा. यंत्र नादुरुस्त असताना किंवा तपासणी चालू असताना झालेला वेळ बिलात येत नसे. हा सरळसरळ खाडा आहे, लोखंडात घडवलेला. मीटर बसवणारी कंपनी भाडं वसूल करणारीच होती, पण कोणता वेळ कोणाच्या नावावर पडतो आहे हे गिऱ्हाइकाला उभ्या उभ्या डोळ्यांनी दिसत होतं. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण पुढे ती हरवत गेली.

तोपर्यंत सॉफ्टवेअरला वेगळी किंमत नव्हती. ते यंत्रासोबत यायचं. २३ जून १९६९ रोजी आयबीएमने यंत्र आणि सॉफ्टवेअर यांचे दर वेगळे करण्याची घोषणा केली. स्वतंत्र किमतीची सुरुवातीची उत्पादनं मोजून १७. त्याच वर्षी आलेल्या सीआयसीएस या प्रणालीचं भाडं महिना ६०० डॉलर होतं. 'पूर्वी सॉफ्टवेअर एकदा विकत घेतलं की झालं, ही मासिक वर्गणीची टूम नवी' असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. एकरकमी विक्रीही अर्थात होती: इन्फर्मेटिक्स कंपनीचं मार्क फोर १९६७ पासून ३०,००० डॉलरला विकलं जात होतं.

मीटरची बाजू जोरात मांडली ती संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या शताब्दीनिमित्त १९६१ साली दिलेल्या व्याख्यानात त्यांनी सांगितलं की, टेलिफोनसारखी संगणनाचीही एक दिवस सार्वजनिक सेवा होऊ शकेल. त्याच वर्षी एमआयटीत एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याच्या पद्धतीचं प्रात्यक्षिक झालं. १९६४ साली डार्टमथ कॉलेजची अशीच प्रणाली सुरू झाली. पाठोपाठ जनरल इलेक्ट्रिक आणि टाइमशेअर या कंपन्यांनी फोनच्या तारेवरून संगणकाचा वेळ विकायला काढला. बिलात काय असायचं? जोडणी किती वेळ राहिली, प्रोसेसर किती सेकंद राबला, साठवण किती व्यापली. आजच्या क्लाउडच्या बिलाशी ते ताडून पाहिलं तर पन्नास वर्षांचं अंतर जाणवतही नाही.

या धंद्याला ओहोटी लागली ती पर्सनल कॉम्प्युटरमुळे. यंत्र टेबलावर आलं, त्याची पूर्ण किंमत आधीच दिलेली, मग सेकंद मोजणार कोण? सॉफ्टवेअर फ्लॉपीच्या खोक्यात मिळू लागलं. १९८३ साली आलेलं आकडेमोडीचं लोटस १-२-३ होतं ४९५ डॉलरचं. एकदा पैसे, कायमचा परवाना.

महाराष्ट्रात हा काळ डीटीपीच्या दुकानांनी जगवला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी किंवा सी-डॅक या सरकारी संस्थेचं आयएसएम हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर घेतलं की सोबत कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टमध्ये खोचायचं बोटभर लॉक मिळायचं. लॉक असेल तर मराठी टाइप होणार, नसेल तर नाही. एवढ्या एका खरेदीवर लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, दिवाळी अंकांची पानं अशी वर्षानुवर्षं कामं निघाली. लॉक हरवलं तर पंचाईत होती हे खरं. पण मंदीचा महिना आला म्हणून अक्षरं बंद पडत नव्हती.

वर्गणी परत आली ती इंटरनेटवरून. सेल्सफोर्स १९९९ साली सुरू झाली आणि विक्री विभागाचं सॉफ्टवेअर ब्राउझरमधून, माणशी महिन्याच्या दराने देऊ लागली. इथे माप बदललं, याकडे लक्ष द्यायला हवं. तास गेले, सेकंद गेले. आता माप माणूस. नाव नोंदवलेला माणूस महिनाभर एकदाही आत आला नाही तरी त्याचे पैसे लागणारच. रतीब चालू, खाडा गायब. यातला एक चांगला अपवाद सांगायलाच हवा: ऑफिसातल्या संवादाचं ॲप असलेल्या स्लॅकने कामात नसलेल्या सदस्यांचे उरलेल्या दिवसांचे पैसे खात्यात परत जमा करण्याची पद्धत ठेवली. ती मला दूधवाल्याच्या फुल्यांइतकीच सरळ वाटते, आणि इतरांनी ती फारशी उचलली नाही याचं वाईट वाटतं.

वर्गणी सगळीकडेच अन्यायाची आहे असं मात्र म्हणता येत नाही. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी उभी केलेली क्विक हील घ्या. अँटिव्हायरसचा परवाना ठरावीक मुदतीचा असतो, आणि त्यामागे कारण आहे. नवे व्हायरस येत राहतात आणि त्यांची ओळख पटवणारी माहिती सतत पाठवावी लागते. गेल्या वर्षीचा अँटिव्हायरस आज जवळपास निकामी. इथे रोज ताजं दूध खरोखर येतं, तेव्हा रतीब योग्यच.

अडचण होते ती दूध रोज येत नसताना रतीब लावला जातो तेव्हा. मे २०१३ मध्ये अडोबीने जाहीर केलं की फोटोशॉप, इलस्ट्रेटर वगैरेंच्या पुढच्या आवृत्त्या फक्त वर्गणीवरच मिळतील. सीएस६ ही कायमच्या परवान्याची शेवटची. जगभरातल्या चित्रकार आणि छायाचित्रकारांनी निषेधाच्या सह्या केल्या. त्यांचा मुद्दा पैशांइतकाच फाइलचाही होता. वर्गणी थांबली की दहा वर्षांचं काम स्वतःच्या डिस्कवर राहतं, पण ते नीट उघडणारं हत्यार कुलूपबंद होतं. कंपनीची बाजूही होती: चोरीच्या प्रती कमी होतात, उत्पन्न दरमहा एकसारखं येतं, आणि नव्या गिऱ्हाइकाला एकदम मोठी रक्कम काढावी लागत नाही. तिसरं कारण मला पूर्ण पटतं. नुकतंच काम सुरू केलेल्या मुलीला मोठ्या किमतीचं खोकं परवडत नव्हतं. पण जून २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने याच कंपनीवर दावा दाखल केला. आरोप असा की वर्षाचा करार मध्येच सोडण्याचं शुल्क गिऱ्हाइकांपासून झाकून ठेवलं होतं.

दरम्यान मीटरही परतला होता. मार्च २००६ मध्ये अमेझॉनने साठवणीची सेवा खुली केली, एका गिगाबाइटला महिना १५ सेंट. ऑगस्टमध्ये सर्व्हर भाड्याने देणं सुरू झालं, तासाला १० सेंट. तासाचा भाग म्हणजे पूर्ण तास, त्यामुळे ६१ मिनिटांचे दोन तास लागायचे. लिनक्स सर्व्हरचा हिशेब सेकंदावर यायला ऑक्टोबर २०१७ उजाडला, आणि त्यातही निदान ६० सेकंद धरलेच जातात. तरी या मीटरने केलेलं काम मोठं आहे. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बसलेल्या चार जणांना आता सर्व्हर विकत घ्यायला कर्ज काढावं लागत नाही.

मग लोकांना मीटरचीच धास्ती वाटू लागली. चाचणीसाठी चालू केलेला सर्व्हर बंद करायचा राहिला की मीटर सुट्टीतही पळतो. रिक्षाचा मीटर निदान समोर दिसतो. हा दिसतो बिल आल्यावर. २००९ साली अमेझॉननेच एक किंवा तीन वर्षांची बांधिलकी घेऊन दर कमी करण्याची सोय काढली, म्हणजे मीटरवाल्यानेच पुन्हा रतीब लावला. बेसकॅम्प हे कामाच्या नियोजनाचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या ३७सिग्नल्स कंपनीचा २०२२ सालचा क्लाउडचा खर्च ३२ लाख डॉलर झाला. त्यांनी क्लाउड सोडून स्वतःची यंत्रं घेतली, आणि २०२४ च्या जानेवारीत एक सॉफ्टवेअर एकरकमी २९९ डॉलरला विकायला काढलं. चक्र फिरून खोक्यापाशी आलं.

भारतात वर्गणीला वेसण घातली ती मुंबईतल्या रिझर्व्ह बँकेने. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप पैसे कापायचे तर निदान २४ तास आधी ग्राहकाला कळवणं बंधनकारक झालं, आणि ५,००० रुपयांवरच्या प्रत्येक कपातीला ओटीपी. ही मर्यादा जून २०२२ मध्ये १५,००० झाली. २०२१ च्या त्या ऑक्टोबरात अनेक परदेशी सेवांच्या वर्गण्या अडकल्या, लोक वैतागले. माझ्या मते नियम रास्त होता. पैसे घेण्याआधी विचारणं हीच रतीबाची जुनी रीत.

आता मापाकडे येतो, कारण मराठीचा खरा संबंध तिथे आहे. एसएमएस हा मोजून विकला जाणारा माल आहे. एका मेसेजमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षरं त्यात १६० बसतात, देवनागरी ७०. 'श्रीकृष्ण' लिहिलं तर डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात: श्री, कृ, ष्ण. मोजणाऱ्या यंत्राला नऊ दिसतात: श, हलंत, र, दीर्घ वेलांटी, क, ऋकार, ष, पुन्हा हलंत, ण. १५० अक्षरांच्या इंग्रजी मजकुरात एकच ॐ घातला तरी सगळा मजकूर देवनागरीच्या मापावर जातो आणि एका मेसेजचे तीन होतात. शाळेने पालकांना मराठीत कळवायचं ठरवलं की बिल वाढतं, ते असं.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सेवांनी हेच माप पुढे नेलं. चॅटजीपीटीची वर्गणी फेब्रुवारी २०२३ मध्ये महिना २० डॉलरने सुरू झाली, पण त्यावर उत्पादन बांधणाऱ्यांना टोकनावर पैसे मोजावे लागतात, आणि टोकन म्हणजे यंत्राच्या सोयीने पाडलेला शब्दाचा तुकडा. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला साठवणीच्या रूढ यूटीएफ-८ पद्धतीत (एसएमएसची वेगळी) तीन बाइट लागतात, आणि हे तुकडे पाडणारी यादी मुख्यतः इंग्रजी मजकुरावरून तयार झालेली. त्यामुळे तोच आशय मराठीत विचारला की टोकनं कितीतरी जास्त पडायची. दर सगळ्यांना सारखाच, पण माप मराठीला जड.

मे २०२४ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जीपीटी-४ओ या नव्या मॉडेलसोबत नवी यादी आणली आणि नमुन्याचा एकच छोटा मजकूर वेगवेगळ्या भाषांत मोजून दाखवला. मराठीत तो ९६ टोकनांवरून ३३ वर आला, हिंदीत ९० वरून ३१ वर. इंग्रजीत आधी २७ होती, आता २४.