गच्चीवर सगळ्यांचे हात वर का गेले?

मुलुंडला आमच्या सोसायटीची वार्षिक सभा गच्चीवर भरते. गेल्या वर्षी पुनर्विकासाचा ठराव आला. सेक्रेटरींनी "मंजूर?" विचारताच पुढच्या दोन रांगांतले हात वर गेले, मग मधले, मग माझाही. समोसा-चहा झाला. जिना उतरताना चौथ्या मजल्यावरच्या काकू हळूच म्हणाल्या, "मला नाही पटलं हो. पण सगळेच हो म्हणत होते ना." तळमजला येईपर्यंत असं म्हणणारे आम्ही पाच जण झालो होतो.

सोसायटी म्हणजे हुकूमशाही नव्हे. विरोध केला म्हणून तिथे कोणी कुणाला तुरुंगात टाकत नाही. तरीही तो जिना माझ्या डोक्यातून जात नाही. आजच्या हुकूमशाह्या कशा टिकतात हे शोधणारे अभ्यासकही शेवटी अशाच जिन्यापाशी येऊन थांबतात.

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर लहानमोठ्या तीन. पहिल्या रेघेएवढी कोणती, एवढंच सांगायचं. लहान मूलही चुकणार नाही. पण खोलीतले बाकीचे सगळे ॲश यांनी आधीच पढवलेले असत, आणि ठरलेल्या फेऱ्यांत ते एकामागून एक बेधडक चुकीचं उत्तर देत. अशा वेळी ज्याची परीक्षा चालली होती तो माणूस साधारण तीनदा विचारलं तर एकदा त्यांच्याच सुरात सूर मिसळायचा. डोळ्यांना स्वच्छ दिसत असूनही. मला यातला सर्वांत मोलाचा भाग पुढचा वाटतो. खोलीत खरं उत्तर देणारा फक्त एक माणूस बसवला, की या चुका जवळपास एक चतुर्थांशावर येत.

आता खोट्या रेघेच्या जागी खोटी लोकप्रियता ठेवून पाहा. अर्थशास्त्रज्ञ तिमुर कुरान यांनी हे नीट उलगडून दाखवलं आहे. धाकाच्या राजवटीत माणसं मनात एक आणि ओठांवर एक ठेवतात, आणि प्रत्येकाला वाटतं, न पटलेला मी एकटाच. मग सत्ताधाऱ्याला सगळ्यांची मनं जिंकायची गरज उरत नाही. न पटलेल्यांना एकमेकांचा पत्ता लागू नये, एवढी काळजी घेतली की पुरतं.

पूर्वी सत्ता रणगाडे आणून बळकावली जायची. आता ती बहुतेकदा मतपेटीतून येते आणि मग एकेक खिळा ढिला करत जाते. हंगेरीत २०१० साली व्हिक्टर ओर्बान यांच्या पक्षाघाडीला सुमारे ५३ टक्के मतांवर संसदेत दोन तृतीयांश जागा मिळाल्या. नवी राज्यघटना आली. न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७० वरून ६२ वर आणलं गेलं आणि अनेक ज्येष्ठ न्यायाधीशांना एकदम घरी बसावं लागलं. सगळं कायदा करूनच. "आता रस्त्यावर उतरायलाच हवं" असा एक दिवस त्यात नेमका सापडत नाही.

पेरूची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे या धंद्याचे दरच हाती लागले. १९९० च्या दशकात अध्यक्ष आल्बेर्तो फुजिमोरी यांच्यासाठी गुप्तचर यंत्रणेची सूत्रं हलवणारे व्लादिमिरो मोन्तेसिनोस न्यायाधीशांना, खासदारांना, चॅनलच्या मालकांना लाच देत आणि देताना गुपचूप चित्रीकरण करून ठेवत. पुढे जॉन मॅकमिलन आणि पाब्लो सोइदो या अर्थशास्त्रज्ञांनी त्या रकमा तपासल्या. एका चॅनलमालकाला दिलेली लाच एका राजकारण्याच्या लाचेच्या सुमारे १०० पट होती! खासदार एखादा फुटला तरी बहुमत टिकतं. चॅनल एक जरी बोललं, तरी सगळा देश एकाच वेळी ऐकतो, आणि शेजाऱ्यानेही ऐकलं हे प्रत्येकाला कळतं. एक छोटी केबल वाहिनी तेवढी विकत घ्यायची राहिली होती. सप्टेंबर २००० मध्ये तिने मोन्तेसिनोस एका खासदाराला नोटा देत असल्याची चित्रफीत दाखवली. नोव्हेंबरात फुजिमोरींचा राजीनामा जपानहून फॅक्सने आला.

चीनमधलं तंत्र याहून बारीक आहे. गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं की तिथे सोशल मीडियावरची सरकारवरची जहाल टीका बऱ्याचदा तशीच राहू दिली जाते. पुसला जातो तो लोकांना एकत्र जमवू शकेल असा मजकूर, मग तो सरकारच्या बाजूचा का असेना. २०१७ च्या त्यांच्या अंदाजानुसार सरकारी माणसं वर्षाला सुमारे ४४ कोटी ८० लाख पोस्ट टाकतात. त्या वाद घालत नाहीत, विषय बदलतात.

आपल्याकडे २५ जून १९७५ ला आणीबाणी लागली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. त्याच वर्षी कराडला साहित्य संमेलन भरलं. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण, अध्यक्ष दुर्गा भागवत. जयप्रकाश नारायण तेव्हा मुंबईत आजारी होते. दुर्गाबाईंनी भर संमेलनात त्यांचं नाव घेतलं आणि त्यांच्या प्रकृतीसाठी एक मिनिट उभं राहून प्रार्थना करायला सांगितलं. मांडवातले लोक उठले. एरवी हळू आवाजात बोलणाऱ्या त्या माणसांना आपल्या डावी-उजवीकडे कोण उभं आहे, हे मिनिटभर डोळ्यांनी दिसलं.

पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना मुंबईत अटक झाली. ज्या एशियाटिक ग्रंथालयात त्या वर्षानुवर्षं वाचायला बसत, तिथूनच पोलीस त्यांना घेऊन गेले.