पोलाद जास्त मजबूत निघाले, म्हणून नापास

इमारतीच्या बीमसाठी मागवलेल्या पोलादाची यील्ड स्ट्रेंथ (ते कायमचे वाकू लागते तो ताण) किमान ३४५ मेगापास्कल (ताणाचे एकक) हवी होती आणि चाचणी प्रमाणपत्रात आकडा आला ४७०. माल नापास. सव्वा-दीडपट ताकद त्याच पैशात मिळत असताना ती नाकारायची कशासाठी, असे कुणालाही वाटेल. पण बऱ्याच ग्रेडना खालच्या मर्यादेइतकीच वरची मर्यादाही काटेकोर असते. अमेरिकेतल्या एएसटीएम या मानक संस्थेच्या ए९९२ या बीमच्या ग्रेडमध्ये यील्ड ३४५ ते ४५० मेगापास्कलच्या दरम्यान असावी लागते. जपानच्या एसएन४९०बीमध्ये १२ ते ४० मिलिमीटर जाडीला ३२५ ते ४४५. भारतीय मानक आयएस १३९२० भूकंपरोधक काँक्रीटच्या सळ्यांबाबत सांगते की प्रत्यक्ष यील्ड ठरलेल्या आकड्याच्या २० टक्क्यांहून वर जाता कामा नये.

यील्ड म्हणजे ज्या ताणापुढे पोलाद कायमचे वाकते किंवा ताणले जाते तो ताण. टेन्साइल स्ट्रेंथ म्हणजे तुटण्याआधी ते सोसू शकते तो सर्वांत मोठा ताण. या दोहोंमध्ये जे अंतर असते, त्यावर इमारतीचा जीव अवलंबून असतो. मोठ्या भूकंपात इमारतीने जराही न वाकता उभे राहावे असे डिझाइन परवडत नाही. म्हणून बीमची टोके कॉलमजवळ वाकू द्यायची, धक्क्याची ऊर्जा तिथे जिरू द्यायची, आणि कॉलम व जोड मात्र शाबूत ठेवायचे, असा हिशेब असतो. विजेच्या फ्यूजचे जे काम, तेच बीमच्या टोकाचे. बीम ३४५ला वाकेल असे धरून वेल्ड, बोल्ट आणि कॉलम त्याहून थोडे वरचढ ठेवलेले असतात. बीम ४७०चा निघाला, तर वाकण्याआधी तो जोडावर ३६ टक्के जास्त बल टाकतो. आधी कोण हार मानणार, हा क्रमच उलटतो.

१७ जानेवारी १९९४ रोजी कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिज भूकंपानंतर अनेक पोलादी इमारतींच्या बीम-कॉलम जोडांत ठिसूळ तडे सापडले. वेल्डचा चिवटपणा कमी असणे, जोडाची रचना, अशी कारणे बरीच होती. त्यातले एक म्हणजे २५० मेगापास्कल किमान यील्डच्या ए३६ ग्रेडचे बीम प्रत्यक्षात बरेच मजबूत होते. त्या ग्रेडला यील्डची वरची मर्यादाच नव्हती. आजही अमेरिकी भूकंप-नियमांत ए३६च्या रोल केलेल्या सेक्शनची अपेक्षित यील्ड किमान आकड्याच्या दीडपट धरतात. ए९९२साठी मात्र ती फक्त १.१ पट, कारण तिथे वर छत आहे. नॉर्थरिजनंतर रूढ झालेला एक उपाय तर मजेशीर आहे: कॉलमपासून थोड्या अंतरावर बीमच्या फ्लँजच्या (वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांच्या) कडा गोलाईने कापून काढायच्या, म्हणजे बीम नेमका तिथेच वाकेल. पैसे देऊन घेतलेले पोलाद मुद्दाम छाटून टाकायचे!

आता भूकंप बाजूला ठेवू आणि साध्या ताणाखालची एक पट्टी घेऊ. रुंदी २०० मिलिमीटर, जाडी १०, आणि आडव्या ओळीत २२ मिलिमीटरची दोन भोके. पूर्ण छेद २००० चौरस मिलिमीटर, भोकांजवळ उरतो १५६०. यील्ड ३५० आणि टेन्साइल ४९० असेल, तर पूर्ण पट्टी ७०० किलोन्यूटनला ताणू लागते आणि भोकांजवळ ती तुटायला ७६४ लागतात. म्हणजे तुटण्याआधी अख्खी पट्टी लांबते, जोड वाकडा दिसतो, इशारा मिळतो. यील्ड ४८० आणि टेन्साइल ५४० असेल, तर पट्टी ताणायला ९६० हवेत, पण भोकांजवळ ती ८४२लाच तुटते. भार जास्त पेलला हे खरे, पण लांबी वाढली ती भोकांच्या कडेच्या काही मिलिमीटरमध्येच. म्हणूनच ए९९२मध्ये यील्ड भागिले टेन्साइल हे गुणोत्तर ०.८५ आणि एसएन४९०बीमध्ये ०.८० याच्या वर चालत नाही. प्रमाणपत्र वाचताना यील्डच्या आकड्यापेक्षा हे गुणोत्तर आधी काढावे.

वेल्डिंगचा प्रश्न वेगळा. ताकद वाढवण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे कार्बन आणि मँगेनीज वाढवणे. त्यांचा एकत्रित परिणाम कार्बन इक्विव्हॅलंटने मोजतात: कार्बन, अधिक मँगेनीजचा सहावा भाग, अधिक क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमच्या बेरजेचा पाचवा, अधिक निकेल-तांब्याच्या बेरजेचा पंधरावा. हा आकडा जितका मोठा, तितका वेल्डशेजारचा तापलेला पट्टा थंड होताना कडक आणि ठिसूळ होतो. त्यात ओलसर इलेक्ट्रोडमधला (वेल्डिंगच्या कांडीतला) हायड्रोजन शिरला की वेल्डनंतर काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही, तडा जातो. ठरलेली प्रीहीटची (वेल्डआधी पोलाद तापवण्याची) पद्धत कमी ताकदीच्या मालासाठी आखलेली असेल, तर ती इथे पुरत नाही. शिवाय मूळ पोलाद वेल्डच्या धातूहून मजबूत निघाले, तर ताणले जाणे सगळे वेल्डमध्येच एकवटते. ताकद रासायनिक घटकांतून न येता रोलिंगच्या वेळच्या कमी तापमानातून आलेली असेल, तर वेल्डिंगची काळजी बरीच कमी होते, पण वर सांगितलेला क्रमाचा प्रश्न तसाच राहतो.

बोल्टमध्ये वरची मर्यादा सर्वांत कडक. ए४९० बोल्टची टेन्साइल १०३४ ते ११९३ मेगापास्कलच्या मध्येच हवी, कारण याहून कठीण पोलाद हायड्रोजनला बळी पडते. या बोल्टना गरम झिंकचा थर द्यायलाही मनाई आहे. २०१३मध्ये सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजच्या नव्या पूर्व भागात ९६ उच्च-ताकदीच्या गॅल्व्हनाइज्ड (झिंकचा थर दिलेल्या) अँकर दांड्यांपैकी ३२ आवळल्यानंतर काही दिवसांतच तुटले. कारण होते हायड्रोजनमुळे आलेला ठिसूळपणा.

रोजच्या भाराखाली बीम किती झोल खातो, यावर मात्र जास्तीची ताकद काहीच फरक पाडत नाही. २५०चे पोलाद असो वा ४५०चे, ताठरपणा सुमारे २०० गिगापास्कलच राहतो. बीम झोल खात असेल, तर मजबूत ग्रेडने तो सुधारत नाही.

तेव्हा असा माल आला तर आधी चाचणीचाच तपास करावा. नमुना फ्लँजमधून घेतला की वेबमधून (दोन फ्लँजना जोडणाऱ्या उभ्या पट्टीतून)? पातळ वेब रोलिंगनंतर लवकर थंड होते, त्यामुळे तिचा आकडा वर जातो. यंत्राने नमुना घाईने ओढला तरीही यील्ड फुगते. फेरचाचणीतही आकडा मर्यादेबाहेरच राहिला, तर ज्या भागाने वाकायचे नाही अशा जागी तो माल वापरता येतो का, हे डिझाइनर तपासतो, आणि वेल्डची पद्धत त्या रासायनिक घटकांनुसार नव्याने ठरवली जाते. भूकंपात ज्यांची टोके वाकायची आहेत, अशा बीमसाठी तो परतच जातो.