हेन्री जॉर्ज आणि जमिनीवरचा एकच कर

हेन्री जॉर्ज (१८३९-१८९७) हा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ, पण कॉलेजची पायरी कधी चढला नाही. जन्म फिलाडेल्फियाचा, शाळा लवकर सुटली, पोरवयातच जहाजावर काम करत मेलबर्न आणि कलकत्त्यापर्यंत जाऊन आला, मग सॅन फ्रान्सिस्कोत छापखान्यात टाइप जुळवता जुळवता पत्रकार झाला.

१८७० ला ओकलंडजवळच्या टेकड्यांवर घोडा थांबवून त्याने एका गाडीवाल्याला सहज विचारलं, इथे जमिनीला काय भाव आहे? त्याने लांब चरणाऱ्या, उंदराएवढ्या दिसणाऱ्या गायींकडे बोट दाखवलं, म्हणाला तिकडचा माणूस एकराला हजार डॉलर मागतोय. कारण एकच, रेल्वे आलेली होती. तिथे जॉर्जला उलगडलं की शहर वाढतं सगळ्यांच्या कष्टाने आणि वाढलेली किंमत मात्र जमीन धरून बसलेल्याच्या खिशात जाते. यातूनच १८७९ चं त्याचं पुस्तक ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’.

त्याचं म्हणणं असं की कमाईवर, धंद्यावर, बांधकामावर टॅक्स नको, फक्त वरचं बांधकाम सोडून नुसत्या जमिनीचं जे भाडं येऊ शकतं तेवढं सरकारने दरवर्षी घ्यावं. माणसाने घाम गाळून केलेलं पूर्ण त्याचं, हेच त्याच्या मते खरं स्वातंत्र्य. आणि जमीन कोणी बनवलेली नाही, त्यामुळे कर लावला म्हणून ती कमी पण होत नाही, हा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो.

नवी मुंबईत हे डोळ्यांनी दिसतं. उलव्यात पत्रे ठोकून ठेवलेला प्लॉट, आत गुडघाभर गवत, मालकाने एक वीट रचलेली नाही, पण २०१८ ला खारकोपरला लोकल आली, २०२४ ला अटल सेतू झाला आणि भाव चढतच गेला. शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीने जमीन लीजवर देऊन आलेल्या पैशातूनच शहर उभं केलं, लोकलच्या खर्चातला मोठा वाटा पण त्यातूनच दिला, लीज मुळात ६० वर्षांचं, म्हणजे कागदावर जॉर्जच्या बरंच जवळ. फरक इतकाच की प्रीमियम, म्हणजे लीजची एकरकमी किंमत, सुरुवातीलाच एकदा घेतला आणि वर्षाचं भाडं नाममात्र, त्यामुळे ट्रान्सफर फी सोडली तर नंतरची वाढ लोकांकडे फारशी परत येत नाही.

दुसरा फरक जास्त दुखरा आहे. जॉर्ज म्हणायचा जमीन काढून घ्यायची गरज नाही, मालकाकडेच राहू दे, भाडं तेवढं घ्या. इथे ९५ गावांतल्या आगरी-कोळी लोकांची शेतं, मिठागरं संपादनात गेली, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे माणसं रस्त्यावर उतरली, जानेवारी १९८४ च्या गोळीबारात जासई भागात पाच जण गेले, तेव्हा कुठे पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत मिळाले.

जॉर्ज स्वतः १८८६ ला न्यूयॉर्कच्या महापौरपदाला उभा राहून दुसरा आला, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला थिओडोर रूझवेल्ट तिसरा. १८९७ ला परत उभा राहिला आणि मतदानाला चार दिवस असताना वारला.