अवशेष मोजले, जीवाणू राहून गेले

२००३ मध्ये मिथोमिल या कीटकनाशकाच्या अंशावरून भारतीय द्राक्षे युरोपात अडकली, आणि 'रेसिड्यू' हा शब्द नाशिकच्या बागायतदारांच्या तोंडी बसला. त्यानंतर अपेडा या केंद्राच्या शेतमाल-निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही बागांच्या नोंदणीची व्यवस्था आली, निर्यातीच्या प्लॉटचे नमुने प्रयोगशाळेत जाऊ लागले. अन्नातल्या अँटिबायोटिकची चर्चाही बहुधा याच अंशापाशी अडते. पण औषधाचा अंश वेगळा आणि औषधाला दाद न देणारा जीवाणू वेगळा. औषध वेळेत बंद केले तर मांसातला अंश उतरतो. कोंबडीच्या आतड्यात त्या औषधातून तगलेला ई-कोलाय हा जीवाणू मात्र तिथेच असतो, आणि कापताना मांसाला लागतो.

सुरुवात अमेरिकेत झाली. १९४८ च्या अखेरीस लेडर्ली प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड पिल्लांसाठी बी-१२ जीवनसत्त्वाचे स्रोत तपासत होते. ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक काढून उरलेला चोथा खाणारी पिल्ले अपेक्षेपेक्षा जास्त वाढली; चोथ्यात राहिलेले औषध त्याला कारण होते. मग आजार नसतानाही खाद्यात थोडे थोडे अँटिबायोटिक मिसळण्याची चाल पडली. जीवाणू मरणार नाहीत पण सरावतील, असाच हा डोस. १९६९ च्या स्वॉन अहवालाने ब्रिटनमध्ये धोक्याची सूचना दिली. युरोपीय संघाने वाढीसाठीचा वापर पूर्ण थांबवला तो २००६ मध्ये.

नाशिक जिल्ह्यात ब्रॉयलर मुख्यतः करार पद्धतीने वाढतो. पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे. शेड, तूस, वीज आणि राबणूक शेतकऱ्याची. पक्षी साधारण ३५ ते ४२ दिवसांत निघतो, मर वाढली की हिशेब बिघडतो, म्हणून खोकला ऐकू येताच पाण्यातून औषध सुटते. इथेच गडबड होते. आजारी पक्षी पाणी कमी पितो, त्याला अपुरा डोस मिळतो. धडधाकट पक्षी विनाकारण पितात. बॅच गेल्यावर शेडमध्ये अंथरलेला, विष्ठा मिसळलेला तूस (लिटर) कोंबडी खत म्हणून कांद्यात, द्राक्षात पडते आणि त्यासोबत जीवाणूही. ढीग ओलसर ठेवून, पलटी देत, आतले तापमान किमान ५५ अंशांवर १५ दिवस टिकवले तर रोगजंतू बरेच मरतात. प्रतिरोधाची जनुके तेवढ्यानेही पूर्ण जात नाहीत. ताजे खत थेट पसरणे तर सगळ्यांत वाईट, आणि तेच सर्रास चालते.

कसमाद्यात, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा पट्ट्यात, वाट वेगळी. तेल्या या जीवाणूजन्य रोगाने डाळिंबाच्या बागा बसल्या तेव्हा स्ट्रेप्टोसायक्लिन या अँटिबायोटिकची सहा ग्रॅमची पुडी घरोघरी आली: १० लिटरला सुमारे ५ ग्रॅम, जोडीला तांब्याचे कॉपर ऑक्सिक्लोराइड. डाग फळाच्या आत उतरले की फवारणी तिथे पोचत नाही, पाऊस उरलेली धुऊन नेतो, आणि पुन्हा टाकी भरली जाते. तांब्याला आणि अँटिबायोटिकला तोंड देणारी जनुके पुष्कळदा एकाच प्लाझ्मिडवर (जीवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर) असतात, त्यामुळे नुसते तांबे मारले तरी दोन्ही टिकतात. हे प्लाझ्मिड एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जाऊ शकते. मातीतला प्रतिरोध माणसाच्या आतड्यापर्यंत यायला एवढे पुरते. पिकांवर या औषधांना बंदी घालण्याचा मसुदा केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये काढला.

कोलिस्टिन या अँटिबायोटिकचे प्रकरण सर्वांत गंभीर. अतिदक्षता विभागात बाकी औषधे हरल्यावर डॉक्टर याकडे वळतात, आणि हेच औषध कोंबड्यांच्या खाद्यात जात होते. त्याला निष्प्रभ करणारे एमसीआर-१ हे जनुक प्लाझ्मिडवर आढळल्याचे चीनमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये जाहीर केले. डुकरे, मांस आणि रुग्ण या तिन्हींत ते होते. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठीच्या जनावरांत, कोंबड्यांत आणि खाद्यात कोलिस्टिन बंद केले. त्याच वर्षी १ जानेवारीपासून दूध आणि मांसातल्या अंशांच्या मर्यादाही लागू झाल्या होत्या. (दुधातला अंश कधी कधी घरीही कळतो: कासदाहावर अँटिबायोटिकची ट्यूब सोडलेल्या गाईचे दूध लवकर घातले तर विरजण लागत नाही.)

स्वयंपाकघरात अंश आणि जीवाणू यांचा फरक उलटा लागतो. शिजवण्याने औषधाचा अंश पूर्ण जाईलच असे नाही, पण मांसाच्या मध्यभागी ७४ अंश पोचले की प्रतिरोधक जीवाणूही मरतो. धोका त्याआधीचा आहे. चिकन नळाखाली धुताना उडणारे शिंतोडे ओट्यावर जातात, आणि त्याच विळीवर कोशिंबिरीचा कांदा चिरला जातो. चिकन न धुता थेट पातेल्यात टाकावे, त्याची सुरी-पाट वेगळे ठेवावेत आणि कांदा आधी चिरून घ्यावा.