ठाणे-बेलापूर पट्टा : ऋतुमानानुसार हवेची गुणवत्ता

ठाण्याची खाडी आणि पारसिकची डोंगररांग यांच्यामधील चिंचोळ्या औद्योगिक-निवासी पट्ट्यात हवेची प्रत वर्षभरात जशी बदलत जाते, त्याचे हे विवेचन. उत्तरेला उल्हास नदीचे खाडीमुख, पश्चिमेला खाडी, पूर्वेला डोंगर अशी या भागाची रचना आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाल्यावर त्याच दशकात डोंगराच्या पायथ्याशी कारखाने उभे राहू लागले. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने, म्हणजे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, पुढे खाडीच्या बाजूला वसाहती वसवल्या. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे आणि वाशीच्या हवेचा विचार करताना कारखाने पूर्वेला आणि घरे पश्चिमेला हा क्रम सतत लक्षात ठेवावा लागतो.

जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे आणि पाऊस हवा धुऊन काढतात. जाडसर धूळ पावसाने चटकन खाली बसते. सूक्ष्म कण मात्र तितक्या सहज बसत नाहीत. ते कमी होतात ते मुख्यतः वाऱ्याच्या जोरामुळे. पाऊस सरला की ऑक्टोबरमध्ये वारा मंदावतो, माती सुकते, बांधकामे पुन्हा सुरू होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत वाईट काळ. जानेवारीतल्या सकाळी वाशीच्या खाडीपुलावरून पलीकडचा काठ धुरकट दिसतो आणि रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या काचेवरून बोट फिरवले, तर पिठूळ राखाडी थर हाताला लागतो. मार्चनंतर तापलेल्या जमिनीमुळे हवा उंचावर मिसळते. कण विरळ होतात, रस्त्यावरची धूळ मात्र उडतच राहते.

हिवाळ्यातील हे प्रदूषण मूळ कुठले, याबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार ते मुख्यतः बाहेरून येते. २३ जानेवारी २०२२ रोजी वायव्येकडून आलेल्या धुळीने मुंबई-ठाणे परिसर झाकोळला होता, तो दाखला यासाठी दिला जातो. दुसरे मत प्रशांत महासागरातील ला निनाकडे, म्हणजे तिथले पाणी नेहमीपेक्षा थंड राहण्याच्या स्थितीकडे, बोट दाखवते : २०२० ते २०२३ असे सलग तीन हिवाळे ती टिकली आणि वाऱ्यांची नेहमीची घडी बदलल्यामुळे २०२२-२३ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील शहरांची हवा बिघडली. दोन्ही कारणांनी एखादा आठवडा किंवा एखादे वर्ष समजते. दर हिवाळ्यात, रोज रात्री वसाहतींमध्ये येणारा कारखान्यांचा वास त्यांनी समजत नाही.

त्यासाठी खाऱ्या (समुद्राकडून जमिनीकडे) आणि मतलई (जमिनीकडून समुद्राकडे) वाऱ्यांचे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. दिवसा खारे वारे कारखान्यांचा धूर डोंगराकडे रेटतात. सूर्यास्तानंतर जमीन लवकर थंड होते, तापमानाची विपरीतता निर्माण होते आणि उबदार हवेचा थर झाकणासारखा वर बसतो. मग मंद मतलई वारे पायथ्याची हवा उतारावरून वसाहतींवर आणि तिथून खाडीवर आणतात. दुसऱ्या दिवशी खारे वारे त्यातलाच काही भाग परत घेऊन येतात. हिवाळ्यात खारे वारे उशिरा सुरू होतात, त्यामुळे झाकण उठायलाही दुपार उजाडते. कारखान्यांचे उत्सर्जन तेवढेच राहिले तरी पहाटे नाकाला जाणवणारी तीव्रता कितीतरी पट वाढते, ती यामुळे. म्हणून उत्सर्जनाच्या प्रमाणाइतकाच त्याच्या वेळेवर निर्बंध हवा.

मोजमापाच्या पद्धतीत नेमकी हीच बाब निसटते. १९९४ च्या मानकांमध्ये तरंगत्या कणांचे एकूण प्रमाण धरले जाई. १८ नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेने ते वगळून पीएम १० आणि पीएम २.५ (अनुक्रमे १० आणि २.५ मायक्रॉनपर्यंत व्यासाचे कण) आणले, त्यांची २४ तासांची मर्यादा प्रति घनमीटर अनुक्रमे १०० आणि ६० मायक्रोग्रॅम, तर वार्षिक ६० आणि ४०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी अनुक्रमे १५ आणि ५ ही पातळी सुचवली. हस्तचलित केंद्रांवर आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षात किमान १०४ वेळा नमुने घेणे अपेक्षित असते. पावसाळ्याचे चार स्वच्छ महिने वार्षिक सरासरी खाली ओढतात आणि दुपारचा वारा २४ तासांची. २०१५ पासूनच्या वायू गुणवत्ता निर्देशांकातही कणांसाठी २४ तासांचीच सरासरी धरतात. पहाटे तीनला खिडक्या लावून घेणाऱ्या घराचा अनुभव अशा आकड्यात उमटत नाही. स्वयंचलित केंद्रांच्या तासागणिक नोंदी यासाठी अधिक उपयोगी आहेत.

ठाणे शहरात वागळे इस्टेट, कोलशेत, बाळकुम येथील कारखान्यांच्या जागी निवासी संकुले आणि कार्यालये येत गेली. तेथे आता बांधकामाची धूळ, घोडबंदर रस्त्यावरील अवजड वाहने आणि उघड्यावर जाळला जाणारा कचरा ही कारणे पुढे आली आहेत. पारसिकच्या उतारावरील दगडखाणी आणि खडी क्रशर हा नवी मुंबईतील धुळीचा जुना स्रोत.

२०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नवी मुंबई, उल्हासनगर आणि बदलापूर यांचा समावेश आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईच्या हवेच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

कासाडी नदीकाठच्या तळोजा औद्योगिक क्षेत्राजवळ, खारघरच्या बाजूला, रात्रीच्या वासाच्या तक्रारी याच स्वरूपाच्या आहेत.